वंशावळीबाहेरची माणसे

आमच्या घराण्याला बऱ्हाणपुरातील जुनी माणसे ‘पथरीवाले’ म्हणून ओळखत. पणजोबांपासून घरातल्या कर्त्या पुरुषांना मूतखड्याचा विकार असे आणि तो घराण्याच्या घडणीचाच एक भाग आहे, अशी सर्वांची समजूत होती. वडिलांच्या टेबलाच्या खणात एका काचेच्या कुपीत त्यांच्या शरीरातून निघालेले सात खडे ठेवलेले होते. ते पाहुण्यांना दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमान दिसे. या विकाराचे खापर आजीने पाण्यावर फोडले होते. बऱ्हाणपूरच्या पाण्यावर असा आळ घेणे सोपे आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या फारसी भूगर्भवेत्त्याच्या योजनेनुसार या शहरासाठी कुंडी भंडारा खोदला गेला. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारात धरायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचे, अशी ती रचना. जमिनीवर ओळीने शंभरच्या आसपास कुंड्यांची तोंडे आणि खाली त्या सर्वांना जोडणारा एकच प्रवाह. त्या भुयाराच्या भिंतींवर पाण्यातल्या क्षारांचे, चुन्याचे पांढरे थर चढले आहेत. जे पाणी दगडाला असे लिंपते ते माणसाच्या पोटात काय करीत नसेल, हा आजीचा युक्तिवाद आम्हांला तीन पिढ्या पुरला. शेजारची घरेही तेच पाणी पीत होती आणि त्यांना कोणी पथरीवाले म्हणत नव्हते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

पथरीखेरीज घरात आणखी दोन हकिगती सांगितल्या जात. आजोबा पोटातल्या व्रणाने गेले. रात्री-अपरात्री उठून ते थंड दूध पीत, पाण्यात सोडा टाकून घेत, आणि तरीही जळजळ शमत नसे. १९५७ साली एके दिवशी रक्ताची मोठी उलटी झाली आणि सारे संपले. दुसरी हकिगत धाकट्या काकांची. त्यांना पहाटे ‘झटके’ येत. अंग घामाने निथळत असे, ते काहीबाही बरळत, आजीलाही ओळखत नसत. कांदा हुंगवून झाला, अंगारे झाले, गळ्यात ताईत आला. आजीला मात्र अनुभवाने एक गोष्ट कळली होती. तोंडात गुळाचा खडा कोंबला की काका माणसात येत. म्हणून त्यांच्या उशाशी गुळाचा डबा असे. १९६९ च्या एका पहाटे ते उठलेच नाहीत. तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. खडे पाण्याचे, व्रण तापट स्वभावाचा आणि झटके बाहेरच्या बाधेचे, अशी तीन दुखण्यांची तीन कारणे घराने ठरवून टाकली होती. ती एकाच प्रवाहाची तीन तोंडे असतील, असा विचार करण्याचे साधनच आमच्यापाशी नव्हते.

ते साधन माझ्या धाकट्या भावाच्या आजाराने आम्हांला दिले. त्याचा यंत्रमागाचा व्यवसाय. २०१२ च्या पावसाळ्यात, वयाच्या चाळिशीत, त्याला सकाळच्या वेळी भ्रम होऊ लागला. एकदा तो मागांच्या शेडच्या पायरीवर बसून होता आणि कामगारांना त्यांची नावे विचारत होता. कोणीतरी गोड चहा पाजला आणि काही वेळाने तो उठून कामाला लागला. घडलेले त्याला काहीच आठवत नव्हते. अपस्माराचे निदान झाले. दोन वर्षे त्या गोळ्या चालल्या, झटके मात्र थांबेनात. दरम्यान त्याचे वजन चौदा किलोंनी वाढले, कारण पोटात अन्न असले की बरे वाटते हे त्याच्या शरीराने आपल्यापुरते ओळखले होते. २०१४ मध्ये असाच झटका चालू असताना आमच्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासली. ती अवघी ४१ होती. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत धाकट्याने डोळे नीट उघडले आणि मला ‘दादा’ म्हणून हाक मारली.

लक्षणे असताना रक्तातील साखर कमी भरावी आणि साखर देताच लक्षणे जावीत, या तीन गोष्टींचा एकत्र मेळ म्हणजे ‘व्हिपलचे त्रिकूट’. अ‍ॅलन व्हिपल या अमेरिकी शल्यविशारदाने १९३० च्या दशकात ही कसोटी घालून दिली. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीसाठी पोट उघडण्यापूर्वी एवढे तरी सिद्ध करा, असा तिचा हेतू होता. अशा गाठीचा पहिला रुग्ण १९२७ साली रसेल वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. ज्या द्रव्याच्या अभावाने मधुमेह होतो त्याच्या अतिरेकानेही माणूस मरू शकतो, हे त्या रुग्णाने दाखवून दिले. आजीच्या गुळाच्या डब्यात या त्रिकुटातील एक अंग होतेच. बोटातील रक्ताचा तो एक थेंब १९६९ साली आमच्या घरी कोणी तपासला नाही, इतकेच.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले असते तरी आम्ही त्यांचे ऋणी राहिलो असतो. पण त्यांनी एक प्रश्न विचारला, “घरात कोणाला मूतखडे होतात का?” मी हसलो आणि वडिलांच्या कुपीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी धाकट्याच्या रक्तातील कॅल्शियम तपासायला सांगितले. ते वाढलेले निघाले. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे माणसाची एक ओबडधोबड आकृती काढली. मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, मानेत थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइडचे चार ठिपके, पोटात जठरामागे आडवे पसरलेले स्वादुपिंड. या तीन ठिकाणी गाठी व्हाव्यात अशी प्रवृत्ती काही कुटुंबांत जन्मतःच असते, असे त्यांनी सांगितले. पॅराथायरॉइड अधिक स्रवू लागली की हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात त्याचे खडे बनतात. स्वादुपिंडात किंवा लहान आतड्याच्या आरंभी गॅस्ट्रिन स्रवणाऱ्या गाठी झाल्या की जठरात आम्लाचा पूर येतो आणि व्रणांमागून व्रण पडतात. इन्सुलिनची गाठ झाली की पहाटेचे झटके. बोलता बोलता त्या चिठ्ठीवर माझे वडील, आजोबा आणि काका एकापाठोपाठ येऊन उभे राहिले.

या विकाराला वैद्यकात ‘मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेशिया – प्रकार १’, थोडक्यात एमईएन-१ म्हणतात. साधारणपणे तीस हजारांत एकाला तो असतो, असा अंदाज आहे. पॉल वर्मर यांनी १९५४ साली एका कुटुंबातील अशा गाठींचा अभ्यास करून ही आनुवंशिक बाब आहे, असे मांडले. पुढच्याच वर्षी झोलिंजर आणि एलिसन यांनी हट्टी व्रणांचा आणि स्वादुपिंडातील गाठींचा संबंध दाखवला. त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा गेले. त्या काळी या व्रणांवर संपूर्ण जठर काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय समजला जाई. आज ज्या आम्लविरोधी गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात त्यांनी तो उपाय जवळजवळ इतिहासजमा केला आहे.

धाकट्याला घेऊन आम्ही पंजाब मेलने मुंबईला गेलो. परळ हा भाग आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांसाठी एक वेगळेच तीर्थक्षेत्र आहे. १९२६ पासूनचे केईएम, १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय आणि त्यांच्या आसपासच्या फुटपाथांवर पथाऱ्या पसरून बसलेला अर्धा हिंदुस्थान. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागात त्याला दाखल केले. पहिली कसोटी होती ती उपवासाची. बहात्तर तास केवळ पाण्यावर ठेवायचे, ठरावीक वेळाने रक्त तपासायचे आणि साखर ५५ च्या खाली जाऊन लक्षणे दिसताच त्याच क्षणी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड मोजण्यासाठी रक्त घ्यायचे. साखर उतरली की निरोगी शरीरात इन्सुलिन स्रवणे थांबते. गाठीला हा संयम नसतो. सी-पेप्टाइड हे शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना तयार होणारे उपद्रव्य. ते वाढलेले असेल तर इन्सुलिन आतूनच आले, कोणी टोचले नाही, असे ठरते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही हेच चित्र दिसू शकते, म्हणून त्यांचा अंश रक्तात नाही याचीही खात्री करतात. आमच्या आईने धाकट्याची एकादशी कधीच बंद केली होती. आता डॉक्टरांनीच त्याला उपवास घडवला. चौदाव्या तासाला तो परिचारिकेला ‘माग बंद करा’ म्हणून सांगू लागला आणि परीक्षा तिथेच संपली.

इन्सुलिनची गाठ आहे, हे रक्ताने सांगितले. ती कोठे आहे, हे शोधणे त्याहून अवघड. स्वादुपिंड हा लाजरा अवयव आहे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात तो दडलेला असतो, आणि गाठी कधी कधी वाटाण्याहूनही लहान असतात. सीटी स्कॅनमध्ये दोन दिसल्या. मग दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे यंत्र बसवलेली नळी तोंडावाटे जठरात उतरवून आतल्या बाजूने पाहिले, तेव्हा पाच दिसल्या. किरणोत्सारी गॅलियम जोडलेले एक द्रव्य शिरेतून देऊन पेट स्कॅन काढला, त्यात गाठींपैकी काही उजळल्या, काही नाहीत. इन्सुलिनच्या गाठी या तपासणीत पुष्कळदा अंधारातच राहतात, असे डॉक्टरबाईंनी आम्हांला समजावले. एरवी इन्सुलिनची गाठ बहुधा एकटी असते. ती काढली की रोगी बरा. या आनुवंशिक विकारात मात्र स्वादुपिंडभर लहानमोठ्या गाठी विखुरलेल्या असतात, त्यांतली गुन्हेगार एखादीच आणि बाकीच्या निदान आज तरी निरुपद्रवी. सगळे स्वादुपिंड काढले तर गाठींचा प्रश्न सुटतो, पण माणूस त्याच दिवसापासून तीव्र मधुमेही होतो. थोडे काढले तर उरलेल्यात पुन्हा गाठी होणार, हे ठाऊकच असते. म्हणून किती काढायचे याइतकाच किती ठेवायचे, हा प्रश्न शल्यविशारदापुढे असतो.

धाकट्याच्या स्वादुपिंडाचा शेपटाकडील मोठा भाग काढला. डोक्याकडच्या भागात एक गाठ होती, ती पोट उघडे असतानाच ध्वनिलहरींनी नेमकी हेरून भोवतालच्या ऊतींतून अलगद सोडवली. काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा नऊ गाठी मोजल्या गेल्या. त्यांपैकी चौदा मिलिमीटरची एकच गाठ इन्सुलिनची होती. झटके त्या दिवसापासून थांबले. पुढच्या वर्षी मानेतील चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी साडेतीन काढल्या. या दोन शस्त्रक्रियांचा क्रमही विचारपूर्वक ठरतो. साखर जिवावर उठली असेल तर आधी पोट. गॅस्ट्रिनच्या गाठी असतील तर बहुधा आधी मान, कारण कॅल्शियम उतरले की गॅस्ट्रिनही काहीसे आवरते. एका ग्रंथीचा आवाज दुसरीला ऐकू जातो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

या विकाराचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिले नाव सेट्टारा चंद्रशेखरप्पा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे आहे. हे जनुक ‘मेनिन’ नावाचे प्रथिन बनवते आणि ते पेशींच्या वाढीला आवर घालते. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. आमच्यापैकी ज्यांना विकार आहे त्यांची एक प्रत जन्मतःच निकामी असते. दुसरी शाबूत असेपर्यंत पेशी नीट वागते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही हरवते आणि तिथे गाठीचा आरंभ होतो. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाच्या संदर्भात दोन आघातांचा हा सिद्धान्त मांडला होता. विकार जन्माबरोबर येऊनही पुष्कळदा तिशी-चाळिशीत का प्रकटतो आणि एकाच अवयवात दहा ठिकाणी का प्रकटतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात आहे. मूल होताना दोनपैकी एकच प्रत पुढे जाते. म्हणजे प्रत्येक अपत्याला हा वारसा मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, थोरला असो वा धाकटा.

या शेवटच्या वाक्याने आमच्या घरात जे घडवले त्यासाठी हा लेख लिहीत आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरबाईंनी मला एक मोठा कागद दिला आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या घराण्याचा वृक्ष काढून आणा. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ. विकार असेल तर आत काळे करा.” मला यात काही अवघड वाटले नाही. आमच्या घराण्याची नामावळी त्र्यंबकेश्वराच्या तीर्थपुरोहितांच्या वहीत आहे. वडिलांनी ती उतरवून आणली होती आणि सात पिढ्या मला तोंडपाठ होत्या. मी तासाभरात कागद भरला. बाईंनी तो पाहिला आणि विचारले, “तुमच्या घरात मुली जन्मतच नाहीत का?”

कागदावर सगळे चौकोन होते. आमच्या नामावळीत मुलाला मुलगा होतो आणि त्याला मुलगा होतो. लेकी लग्न होऊन दुसऱ्या घराण्याच्या वहीत जातात, आणि तिथेही त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणून येतात. त्यांचे माहेर त्या पानावर उरत नाही. गोत्र, कुळधर्म, शेताचा तुकडा यांच्या हिशेबाला अशी वही पुरत असेल. जनुकाला गोत्र माहीत नाही. आजोबांची ती निकामी प्रत वडिलांकडे आली, काकांकडे गेली, तशी आत्यांकडेही गेली असणार, त्यांच्या मुलाबाळांतही उतरली असणार, आणि आमच्या वहीप्रमाणे ती माणसे अस्तित्वातच नव्हती. बाईंनी माझ्या हाती पेन्सिल दिली. “जे गेले त्यांचे पेन्सिलनेच काळे करा,” त्या म्हणाल्या, “त्यांच्या बाबतीत आपण अंदाजच करू शकतो.”

आधी घरातल्यांच्या तपासण्या झाल्या. धाकट्याच्या जनुकातील नेमकी चूक सापडली होती, त्यामुळे इतरांत तेवढीच शोधायची होती. माझ्यात ती नव्हती, म्हणून माझ्या मुलांत असण्याचा प्रश्न उरला नाही. बहिणीत होती. तिचे कॅल्शियम वाढलेलेच होते, आणि गुडघेदुखीच्या नावाखाली ती ज्या वेदना सोसत होती त्यांचे खरे मूळ विरळ झालेल्या हाडांत होते. अहवाल हाती आला तेव्हा आम्ही तिघेही एका बाकावर बसलो होतो. सुटका झालेल्या माणसाने अशा वेळी काय बोलावे, हे मला अजून उमगलेले नाही. धाकटा म्हणाला, “दादा, तू आता आत्यांकडे जा. तुला कोणी घाबरणार नाही.”

थोरल्या आत्याचे सासर रावेरला. केळीच्या बागा, मोठा वाडा. आत्या जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिची मुलगी, आम्ही जिला ताई म्हणतो, नवऱ्याच्या मृत्यूनंतर माहेरी येऊन राहिली होती. ताईला मूल झाले नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तिची मासिक पाळी थांबली होती. पुढची वीस वर्षे तिने सोळा सोमवारांपासून पिंपळाच्या प्रदक्षिणांपर्यंत सर्व काही केले. सासरी तिला ओटी भरण्याच्या कार्यक्रमांतून हळूहळू वगळण्यात आले. मी तिला आजाराची माहिती सांगत होतो आणि पीयूषिका ग्रंथीपर्यंत आलो. त्या ग्रंथीत होणाऱ्या गाठींपैकी एक प्रोलॅक्टिन स्रवते. ते संप्रेरक वाढले की शरीराची समजूत होते की ही बाई अंगावर पाजते आहे. पाळी थांबते, गर्भ राहत नाही, कधी मूल नसतानाही स्तनातून दूध येते. ताईने मला तिथे थांबवले. काही वेळ ती काहीच बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “येत असे. मी कोणाला सांगितले नाही.”

२०१५ मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. एमआरआयमध्ये पीयूषिकेत लहानशी गाठ दिसली. प्रोलॅक्टिन वाढलेले होते, कॅल्शियमही. स्वादुपिंडात दोन गाठी होत्या, दोन्ही मूक. प्रोलॅक्टिनच्या गाठीवर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, गोळ्यांनी ती आटोक्यात येते आणि पुष्कळ स्त्रियांना गर्भधारणाही होते. ताईच्या ऐन तारुण्यात त्यांतली पहिली गोळी जगात आलेली होती. हे तिला सांगावे की नाही, याचा मी प्रवासभर विचार करीत होतो. तिनेच विचारले आणि मी सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, “म्हणजे माझ्यात खोट नव्हती. तुमच्या आजोबांची होती.” आणि क्षणभराने, “आपल्या आजोबांची.”

तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, हे सारे नकोसे झाले होते. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. त्याने माझ्यापुढे हात जोडले. “दादा, तुमच्या घरचा रोग तुमच्या घरी ठेवा. पोरीचे एकदा लग्न होऊ द्या.” त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, भय होते. आपल्या समाजात रोगाची कुणकुण हा मुलीच्या कपाळावरचा डाग ठरतो, मुलाच्या बाबतीत तीच गोष्ट ‘पथरीवाले’ म्हणून कौतुकाची होते. त्याला नुसते उपदेशून उपयोग नव्हता. त्याची स्वतःची तपासणीही त्याने तेव्हा करू दिली नाही. मी परत आलो.

दीड महिन्याने ती मुलगी स्वतःच बऱ्हाणपूरला आली, सोबत ताई. मुलगी तेवीस वर्षांची, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. आत्याने तिला सर्व सांगितले होते. ताई मला म्हणाली, “मला जे कोणी सांगितले नाही ते मी हिला सांगितले. भावाने बोलणे टाकले तरी चालेल.” परळला तिची तपासणी झाली. जनुकातील चूक तिच्यात निघाली, म्हणजे तिच्या वडिलांतही ती असणारच होती. आतेभावाच्या गॅस्ट्रिनच्या गाठी आणि त्याचे वर्षानुवर्षांचे ‘पित्त’ यांचा उलगडा त्यानंतर सहा महिन्यांनी झाला. मुलीच्या स्वादुपिंडात नऊ मिलिमीटरची एक गाठ होती, काहीही न स्रवणारी. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि शांत असलेल्या अशा गाठींवर सहसा लगेच शस्त्रक्रिया करीत नाहीत. त्या ठरावीक काळाने मोजतात. वाढू लागल्या किंवा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेल्या की विचार बदलतो, कारण मग त्या यकृतापर्यंत पसरण्याचा धोका वाढतो. या विकारात माणसे मुख्यतः ज्या कारणाने दगावतात ते हेच. जमत आलेले स्थळ तिने स्वतः सर्व सांगितल्यावर पुढे सरकले नाही. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले ते अहवालांची फाइल वाचूनच. ती गाठ आज अकरा मिलिमीटर आहे.

‘बरे होणे’ या शब्दाचा अर्थ आमच्या घरात बदलला आहे. धाकट्याचे दरवर्षी रक्त तपासतात, ठरावीक काळाने पोटाची आणि डोक्याची छायाचित्रे काढतात. २०२१ मध्ये त्याच्या स्वादुपिंडाजवळच्या एका लसिकाग्रंथीत गाठीचा अंश दिसला. तेव्हापासून दर महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे, ते या पेशींची वाढ रोखून धरते. ते अपुरे पडले तर पुढचा उपाय ल्युटेशियमचा. गाठीच्या पेशींवर जी कुलपे असतात त्यांना नेमकी बसणारी किल्ली घ्यायची आणि तिला किरणोत्सारी ल्युटेशियम बांधून शिरेतून सोडायचे, म्हणजे किरणांचा मारा मुख्यतः गाठीवर होतो. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते आणि परळच्या विकिरण औषधी केंद्रात रुग्णांना दिले जाते. अणुभट्टी म्हटले की आपल्या मनात येते ते निराळेच. तिथे बनलेली वस्तू काही मैलांवरच्या खाटेवर शांतपणे एखाद्याच्या शिरेत उतरत असते, हे आम्हांला प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांकडून कळले. २०१८ च्या मार्चमध्ये अभिनेता इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा शब्द प्रथमच वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. २९ एप्रिल २०२० रोजी ते गेले त्या दिवशी धाकट्याने दूरचित्रवाणी बंद केली होती. अशा बहुसंख्य गाठी आनुवंशिक नसतात आणि प्रत्येकीची चाल वेगळी असते, हे त्याला ठाऊक होते. तरीही ठाऊक असणे आणि ऐकवणे यांत अंतर असते.

दरम्यान मी एक नवी वही केली आहे. तिच्यात चौकोनांइतकीच वर्तुळे आहेत. प्रत्येक नावापुढे जन्म, विवाह, वास्तव्याचे गाव आणि मृत्यूचे कारण यांचे रकाने आहेत. खांडवा, मलकापूर, अकोला, इंदूर अशा गावांतून बेचाळीस माणसे तिच्यात आली. त्यांपैकी एकोणीस जणांनी तपासणी करून घेतली, सात जणांत दोष सापडला. दोघांच्या पोटात गाठी होत्या आणि त्यांना काहीही होत नव्हते. काहींनी पत्राला उत्तर दिले नाही. एकाने दूरध्वनीवर शिव्या दिल्या आणि वर्षभराने मुलाचे अहवाल घेऊन आला. कोणाला काय कळवायचे आणि कोणाचे काय दुसऱ्याला सांगायचे नाही, याचेही नियम मला शिकावे लागले. तपासणी करून न घेण्याचा हक्कही माणसाला असतो, असे डॉक्टरबाई मला वारंवार बजावतात. वही माझ्या कपाटात कुलपात असते आणि तिची दुसरी किल्ली ताईपाशी आहे.

आजोबांच्या पिढीचे पान अजून अपुरे आहे. त्यांना एक बहीण होती, असे आजीच्या बोलण्यात कधीतरी येऊन गेले होते. तिला सातपुड्याच्या पलीकडे, निमाडात कोठेतरी दिले होते आणि ती बाळंतपणात गेली की नंतर, तिला मुले होती की नव्हती, हे सांगणारे आता कोणी नाही. आजोबांच्या शेजारी तिचे वर्तुळ मी काढून ठेवले आहे. पेन्सिलने. नावाची जागा रिकामी आहे. खरगोनच्या बाजूच्या एका गावी आमच्या आडनावाच्या माहेरवाशिणीचा वंश असल्याचे मागच्या महिन्यात कानावर आले. दिवाळीनंतर तिकडे जायचे ठरले आहे. ताई बरोबर येणार आहे.